हॉलच्या खिडकीतले नऊ दिवे

प्रिय लायल,

तुझा मफलर मिळाला. उबदार आहे. गुडघा बरा आहे, आणि इथल्या सूपला अजूनही चव नाही.

या वर्षी फ्रीडाचा हनुक्का, म्हणजे ज्यूंचा दिव्यांचा सण, आणि आपला नाताळ एकाच आठवड्यात आले. वृद्धाश्रमात मेणबत्त्यांना बंदी, म्हणून तिने नऊ दिव्यांचा बॅटरीवरचा स्टँड आणला आणि हॉलच्या खिडकीत ठेवला. आपलं नाताळचं झाड तिथून चांगलं दहा पावलांवर. दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापक प्रुइटबाईंनी तो तिच्या खोलीत नेऊन ठेवला. मला म्हणाल्या, "सणासुदीला कुणाचं मन दुखवायला नको, सोल्वेगबाई." मी म्हटलं, "मग फ्रीडाचं मन काय लाकडाचं आहे?"

फ्रीडा मात्र म्हणाली, "सोल्वी, जाऊ दे. खोलीत लावीन." त्या 'जाऊ दे'नेच माझं डोकं फिरलं. इस्पितळात आम्ही सव्वीस वर्षं एका वॉर्डात नर्स होतो. दर डिसेंबरला ती ड्युटीच्या तक्त्यावर माझं नाव खोडून स्वतःचं लिहायची. "तुझा सण आहे, घरी जा. माझ्या सणाला तू आहेसच," म्हणायची. आणि खरं सांगते, तिच्या सणाला मी तिची ड्युटी मोजून दोनदा केली. ती कधी काही बोलली नाही. तुझ्या बाबांच्या शेवटच्या नाताळात मी घरी त्यांचा हात धरून बसू शकले, तेव्हाही वॉर्डात तीच होती. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण मला स्वतःचीच लाज वाटायची.

तेव्हा या खेपेला आधी तिला विचारलं, दिवे परत खिडकीत नेऊ का. ती म्हणाली, "ने. पण नाताळच्या झाडाला हात लावू नकोस." मी स्टँड वॉकरच्या टोपलीत घातला, परत खिडकीत मांडला आणि शेजारी विणकाम घेऊन बसले. प्रुइटबाई आल्या. मी म्हटलं, "हा उचलायचा तर आधी मला उचला. नव्वद किलो आहे मी." संध्याकाळपर्यंत आणखी चार म्हाताऱ्या खुर्च्या ओढून आल्या. त्यांतली एक तर पाद्र्याची विधवा! फ्रीडाने पहिला दिवा लावला, तिची प्रार्थना म्हटली. आम्हाला ती येत नव्हती, म्हणून आम्ही गप्प बसलो. तेवढं तर जमतंच माणसाला.

मग मला गप्प करायला प्रुइटबाईंनी 'फ्रीडाचे दिवे खिडकीतून हटवा' असा तक्रारअर्ज दाखवला. नातेवाइकांच्या नऊ सह्या. चौथी तुझी. चोवीस तारखेला मला न्यायला गाडी पाठवू नकोस, लायल. त्या संध्याकाळी मी याच खिडकीत बसणार आहे. तुला यायचं तर ये, पण आधी फ्रीडासमोर उभा राहा आणि सही का केलीस ते तिच्या तोंडावर सांग. नंतर माझ्याकडे ये.

तुझीच,
आई