राहतनं राखून ठेवलेलं

टेंभुर्णी, ५ मे २०२५

लाडक्या सबिहास, खूप दुआ.

राहत सुट्टीला तुझ्याकडं नीट पोचली, बरं वाटलं. मेसेज नको गं, एका ओळीनं पोट भरत न्हाई, पत्रच लिही. सोलापुरात शरीरात बसवायच्या यंत्रांचं प्रदर्शन आलंय म्हणं, सगळं हात लावून बघायचं. कानातल्या यंत्रातनं कसं ऐकू येतं तेबी तितं कळतं. राहतला घिऊन जा की, ऐकून ये.

लहानपणीच्या तापात माझे कान गेले, माझ्या राहतचा, पोटच्या पोरीचा आवाज कधी ऐकलाच न्हाई. तसलंच यंत्र माझ्या कानात बसवता येतंय का बघायला गुरुवारी पुण्याला तपासणीला चाललेय. ऑपरेशन झाल्यावर मला पहिलं काय सांगायचं ते तिनं ठरवून ठेवलंय. कुणाला सांगत न्हाई, लई डांबरट हाय.

लोभ हायेच, वाढवत जा.
तुझी थोरली बहीण, आपा,
जाहिदा

सोलापूर, ९ मे

प्रिय आपा, सा. न. वि. वि. (शाळेतल्या बाईंनी लावलेली सवय, हसू नकोस.)

जाऊन आलो. बटण दाबलं की हृदयातली झडप उघडते, प्लास्टिकचा गुडघा वाकतो. राहत तिथनं हलेना. मग कानातल्या यंत्रातनं येतं तसं ऐकवणारा हेडफोन मी लावला आणि ती माईकमध्ये बोलली. तुझ्यासाठी राखलेलं न्हाई, पाढे म्हणाली.

आपा, डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. आपलीच पोर, पण वळखू येईना. मला रडूच फुटलं. तिथली बाई म्हणाली, सवयीनं समजायला लागतं. पण माझा जीव मानत न्हाई. एवढी चिरफाड करून पोरीचा आवाज असा ऐकायचा? नको करू ऑपरेशन.

रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.
तुझी सबिहा

टेंभुर्णी, १३ मे

सबिहास, दुआ.

रागावले न्हाई. तुझं पत्र यायच्या आधीच सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, त्या तापानं दोन्ही कानांच्या आत हाड भरलंय, यंत्राची तार घालायला जागाच न्हाई. येताना एसटीत राहतचे अब्बा खिडकीकडं तोंड करून बसले, मला त्यांचे ओठ दिसू नयेत म्हणून.

तुला ते खडे नको झाले. मला दे गं ते खडे. माझ्या पोरीचे म्हणून जन्मभर ऐकत बसले असते.

ऑपरेशन कधी, असं राहत विचारील. तिला तूच सांग, माझ्यानं हुणार न्हाई. आणि तिनं राखून ठेवलंय ते तिच्याच हातानं कागदावर लिहून घे, पाकीट चिकटवून पाठव. तू वाचू नकोस.

अशीच माया असू दे.
आपा