शेजारच्या कार्डावरची गोळी

उस्ताद,

तुम्ही गेलात त्याला आता चोवीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. तुम्ही असतानाही लिहायची वेळ आली नाही, कारण उंब्रजला तुमच्या दारात सायकल टेकवायला मला वीस मिनिटं लागायची. आज लिहितोय ते तुमची आठवण दाटून आली म्हणून नाही. माझ्या हातून एक घाण काम झालंय, आणि जिवंत माणसांपैकी कुणालाच मी ते सांगितलेलं नाही.

कुठून सुरुवात करावी कळत नाही, म्हणून तुमच्या स्वयंपाकघरापासून करतो. पलटणीतून सुभेदार होऊन तुम्ही घरी आला होतात, आणि मी वीस वर्षांचा, कारखान्यात नुकताच चिकटलेला. रायफल शिकवा म्हणून तुमच्या मागे लागलो, तर तीन महिने तुम्ही मला रायफल दाखवलीसुद्धा नाही. स्वयंपाकघरात पालथं झोपवलंत, कारण घरातली तेवढीच जमीन सपाट होती. हातात बाभळीचा एक जड दांडका, त्याच्या टोकावर चिंचोका, आणि समोरच्या भिंतीवर कोळशाने काढलेला काळा चांद. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं, आणि बोट असं दाबायचं की चिंचोका हलता कामा नये. काकी भाकरी थापतायत, आणि दर दोन मिनिटांनी मला ओलांडून पलीकडे जातायत. शेवटी त्या वैतागतात. "आवं, उटवा की त्याला! भाकरी करपाय लागली, मला पल्याड जाता यीना." तुम्ही पाटावर बसल्या जागेवरून म्हणता, "करपू दे एक भाकरी. चिंचोका पडला न्हाई पायजे." ती करपलेली भाकरी नंतर माझ्याच ताटात आली, आणि काकींनी वर लोण्याचा गोळा ठेवला.

मग साताऱ्याबाहेरच्या रेंजवर नेलंत. पॉइंट टू टूची गोळी पहिल्यांदा तळहातावर ठेवलीत तेव्हा मला हसूच आलं, एवढीशी. खांद्याला धक्का नाही, आवाजही दिवाळीतल्या लवंगीपेक्षा थोडा जास्त. "हिला भ्यायचं काय कारन न्हाई," तुम्ही म्हणालात, "भ्यायचं आसंल तर सोताच्या हाताला भ्या." म्हणूनच नवशिक्याला तुम्ही हीच रायफल द्यायचात. पन्नास मीटरवर काळ्या चांदाचं कार्ड, पोटावर झोपून नेम, दहा गोळ्या, घाई नाही. पहिल्याच दिवशी माझी एक गोळी पार कडेला गेली आणि मी म्हणालो, वारा होता. तुम्ही म्हणालात, "वाऱ्याला बोलता येत न्हाई म्हून त्येच्या नावावर खपवतूस व्हय रं?" एवढंच. शिवी दिली असती तरी परवडली असती. पुढे आयुष्यात कितीतरी ठिकाणी मी कारणं सांगितली, पण रेंजवर गेल्या महिन्यापर्यंत पुन्हा एकही सांगितलं नाही.

शेजारच्या कार्डावर गोळी जाणं हा आपल्या धंद्यातलाच गुन्हा, बाहेरच्याला सांगून कळत नाही. आम्ही एका ओळीत खांद्याला खांदा लावून झोपलेले, पलीकडे कार्डं एका रांगेत, सगळी एकसारखी. गोळी भरताना कोपर बोटभर सरकलं की नजर आपल्या कार्डाऐवजी बाजूच्यावर जाऊन बसते, आणि नेम अगदी छान लागलेला वाटतो. एकदा तरी प्रत्येकाच्या हातून होतं. तुमचा नियम होता, कळल्या क्षणी हात वर करायचा आणि सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं सांगायचं. आपली एक गोळी वाया जाते, पण शेजारचा वाचतो. माझ्या पहिल्या मॅचला मी हात वर केला तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. नंतर टपरीवर तुमच्या कपातला अर्धा चहा माझ्या बशीत ओतलात. मला वाटतं तेवढं मोठं बक्षीस मला नंतर कधी मिळालं नाही.

आता मी माधवनगरला शिकवतो. कारखान्यातून रिटायर झाल्यावर इथल्या क्लबने विचारलं, आणि मी तयारच होतो. बंद पडलेल्या गिरणीमागच्या मोकळ्या जागेत मातीचा उंच बांध घातलाय, त्याच्यासमोर आठ कार्डं लागतात. दर रविवारी नवशिके येतात. त्यांना स्वतःची रायफल लागत नाही की लायसन लागत नाही. क्लबची रायफल, क्लबच्या गोळ्या, आणि पाठीशी मी. तुमचीच सगळी वाक्यं मी माझी म्हणून खपवतो. तुमची एक पद्धतही मी इथे लावली: नवशिक्यांच्या मॅचला प्रत्येक नवख्याच्या बाजूला एक जुना माणूस झोपतो, त्याच्याबरोबर गोळ्या मारतो. त्याचे गुण कुणी धरत नाही. नवख्याला धीर यावा, शेजारी कुणीतरी शांत श्वास घेतंय हे त्याला ऐकू यावं, एवढ्यासाठी. चांगली पद्धत होती, उस्ताद. मी तिची माती केली.

माझा उजवा डोळा गेलाय. पूर्ण नाही. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं पुसलं जातं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा खराब झालाय, परत यायचा नाही, डाव्याचंही सांगता येत नाही. नेमबाजाला यापेक्षा वाईट काय सांगणार? बायको देवाघरी गेली, मुलगी लांब आहे, आठवड्यात एकच दिवस असा आहे की मला कुणीतरी सर म्हणतं. डोळ्याचं क्लबला कळलं तर दुसऱ्या दिवशी ते मला हात जोडून घरी बसवतील, आणि बरोबरच करतील. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. नवशिक्याचं कार्ड बघायचं झालं की मी म्हणतो, "तूच सांग, कुठं लागली?" त्यांना वाटतं ही माझी शिकवायची तऱ्हा आहे. एकाने तर त्याचं कौतुकही केलं.

आमच्याकडे कडेगावच्या बाजूची एक बाई येते. पस्तिशीची असेल. नवरा फौजेत, लांब सरहद्दीवर. घरचा ऊस, सासू-सासरे आणि म्हशी हिच्या अंगावर. पहाटे धारा काढून एसटीने येते. नवरा सुट्टीवर आला असताना त्याच्याबरोबर गंमत म्हणून आली होती, त्याच्यापेक्षा हिचेच गुण जास्त पडले. तो हसून म्हणाला, "आता हीच राखंल बॉर्डर, मी बगतो म्हशी." तेव्हापासून तिने एक रविवार चुकवला नाही. तिचा श्वास बघायला हवा होता तुम्ही. दगड पाण्यात बसावा तशी ती चटईवर बसते. सासऱ्यांनी मात्र अट घातली होती: नवशिक्यांच्या मॅचमध्ये नंबर आला तर पुढे जायचं, नाहीतर ऊसतोड सुरू झाली की बास. आणि नंबर म्हणजे पहिले तीन, कारण तेवढ्यांनाच क्लब वर्षभर चांगली रायफल देतो आणि मोठ्या स्पर्धेला नेतो.

मॅचच्या दिवशी तिच्या बाजूला मीच झोपलो. दुसऱ्या कुणाला झोपू दिलं नाही, मिरवायचं होतं मला. सातवी गोळी भरली आणि मान वर केली, तर समोर पांढऱ्यावर काळं काहीतरी तरंगत होतं. एवढं दिसलं, मला बरं वाटलं. मी श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. ओढता ओढताच कळलं, उस्ताद. तुम्हाला ठाऊक आहे ते कसं कळतं. अंगाला कळतं की आपण तिरके झोपलोय. हात वर करायला किती वेळ लागतो? माझा हात चटईला चिकटून राहिला. हात वर केला तर सगळे विचारणार, सर, तुमची गोळी शेजारी कशी गेली? मी आठवी भरली.

कार्डं आली. तिच्या कार्डावर अकरा भोकं, माझ्यावर नऊ. आमच्या सेक्रेटरीने दोन्ही समोर ठेवली आणि जरा अवघडून म्हणाला, "सर, तुमची नऊच दिसत्यात." मी चष्मा सारखा केला, पेन्सिल घेतली आणि मधल्या एका जरा फाटल्यासारख्या वाटलेल्या भोकावर टेकवली. "दोन एकात गेल्यात," मी म्हणालो. मला ते भोक नीट दिसतसुद्धा नव्हतं. त्याने क्षणभर बघितलं आणि दहा लिहिलं. चाळीस वर्षं नेम लावणाऱ्या माणसाला कोण खोटं पाडणार? जादा गोळी कुणाची हे ठरलं नाही की ज्याचं कार्ड त्याच्या माथी, आणि त्याची सर्वात चांगली गोळी वजा, असा आमचा नियम. तिची एक दहा गुणांची गोळी गेली आणि माझी कडेची तीन गुणांची तिच्या नावावर चढली. ती चौथी आली.

ती भांडली नाही. सगळे चहाला गेल्यावर माझ्याकडे आली. "सर, म्या धाच मारल्या वो. मोजल्या हुत्या." गोळ्या दोघांनी एकाच डब्यातून भरलेल्या, आधीच्या सरावाच्या रिकाम्या पुंगळ्याही तिथेच सांडलेल्या, त्यामुळे मोजून दाखवायला काही उरलं नव्हतं. त्या क्षणी सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, तिने मला माफही केलं असतं, बहुतेक. मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, "ताई, पहिल्या मॅचला हुतं आसं. घाबरल्यावर एक जास्तीची जाते, आपल्याला कळत न्हाई." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि म्हणाली, "मग चुकलंच माजं." त्यावर मी तिला आणखी समजावलं, उस्ताद. खांद्यावर हात ठेवून समजावलं.

त्याला महिना झाला. तिने ते खरं मानलंय. तुम्ही म्हटलं असतं तर मीही मानलं असतं. आता ती सरावाला झोपते तेव्हा प्रत्येक गोळीला मोठ्याने मोजते. एक. दोन. तीन. तिचा तो पाण्यातल्या दगडासारखा श्वास आता राहिला नाही, कारण आकडा म्हणायला तो मध्येच तोडावा लागतो. गोळ्या पसरायला लागल्यात. बाकीचे हसतात आणि मी मागे उभा राहून ऐकतो. दहावी झाली की ती रायफल खाली ठेवते, मान वळवते आणि विचारते, "धाच झाल्या न्हवं सर?" आणि मी म्हणतो, "व्हय, धाच."

कारखान्यांच्या टोळ्या यायला लागल्यात, तोड आठवड्याभरात सुरू होईल. येता रविवार तिचा शेवटचा. मी सेक्रेटरीला सांगितलं तर निकाल आजही बदलेल, तिला रायफल मिळेल, सासऱ्यांना तोंड दाखवता येईल. चार वाक्यांचं काम आहे. तिचा पत्ता आमच्या रजिस्टरमध्ये आहे, फोन नंबरही आहे, आणि मी वही काढून कुणाला लिहायला बसलो, तर तुम्हाला. तुम्ही रागावलात तरी मला ऐकू यायचं नाही, म्हणून. तुमच्यापासूनही मी असा आडोसा घेतला.

हे पत्र कुठे टाकणार? फाडीन किंवा वहीतच राहील. बसताना ठरवलं होतं की शेवटचं वाक्य "रविवारी सांगतो" असं लिहायचं आणि खाली सही करायची. मघापासून पेन धरून बसलोय. ते वाक्य मला तुम्हालासुद्धा लिहवत नाही.