सीटखालचा जुना नट

काका, गेल्या महिन्यात मी दुरुस्त केलेल्या मशीनवरून एक गृहस्थ पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. हे गृहस्थ म्हणजे माझ्या मुलीचे होणारे सासरे. दिवाळीनंतर लग्न आहे. चूक माझी होती, आणि ती कशी झाली हे पूर्ण समजेल असा माणूस तुमच्याशिवाय मला आठवेना, म्हणून वही काढून बसले.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. व्यायामाची मशीनं दुरुस्त करायचा तुर्भ्याचा गाळा तुमच्या मुलांनी भाड्याने दिला, तिथे आता पुठ्ठ्याचे खोके बनतात. मी खांद्याला पिशवी लावून घरोघरी जाते. तुमच्या वेळी रोइंग मशीन एखाद्या क्लबात नाहीतर मोठ्या जिममध्ये दिसायचं. सरकत्या सीटवर बसायचं, पाय पट्ट्यात अडकवायचे आणि वल्हं मारल्यासारखा दांडा ओढायचा. तुम्ही त्याला ‘कोरडी होडी’ म्हणायचात. लॉकडाऊनमध्ये लोकांनी ही कोरडी होडी घरी आणली. कोणाच्या हॉलमध्ये आहे, कोणाच्या पलंगाखाली, बऱ्याच जणांच्या बाल्कनीत. बाल्कनीतल्या मशीनची साखळी खाडीच्या हवेने वर्षभरात गंजते. मग लोक तिला डोक्याचं खोबरेल तेल लावतात, त्यावर धूळ बसते, आणि साखळी कुरकुरायला लागली की मला फोन येतो. मी जाते तेव्हा दांड्यावर टॉवेल आणि मोजे वाळत असतात. ते आधी बाजूला ठेवते, मग फडक्याने सीट सरकते ती पट्टी पुसते, साखळी पुसते, पातळ तेलाचा हात फिरवते, दांडा मागे खेचणारी रबरी दोरी सैल झाली असेल तर ओढून घेते. काम अवघड नाही. तुम्ही म्हणायचात तसं, नेमानं करायचं एवढंच.

तुमच्याकडे कामाला असलेले आमचे हे गेले तेव्हा मी त्यांची हत्यारांची पिशवी तुम्हाला परत द्यायला गाळ्यावर आले होते. मुलगी सात वर्षांची होती, माझा हात धरून उभी होती. तुम्ही पिशवी उघडलीत, एकेक पाना बाहेर काढून उजेडात धरलात. विचारलंत, “पाने पुसलेले हायत. कोनी पुसले?” मी म्हटलं, मी पुसते, दर रविवारी. हे झोपायचे आणि मी पुसत बसायची. तुम्ही पाने परत पिशवीत ठेवलेत आणि पिशवी माझ्याकडे सरकवलीत. “मंग उद्यापासून ये.” दुःखाचं, धीराचं एक अक्षर बोलला नाहीत. त्या दिवसांत सगळे तेच बोलत होते, त्यामुळे मला फार बरं वाटलं होतं.

मी सातवी शिकलेली. मशीनबरोबर येणारी इंग्रजी पुस्तकं तुम्ही माझ्या पुढ्यात टाकायचात आणि सांगायचात, वाच आणि मला सांग काय लिहिलंय. मी शब्दकोश घेऊन बसायचे. पहिलं पुस्तक संपायला पावसाळा गेला. त्यानंतर वाचायची सवयच लागली, आता सेक्टरच्या वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणते. पण पुस्तकात नसलेला एक नियम तुमचा होता. दुरुस्त केलेल्या मशीनवर स्वतः बसायचं, शंभर वेळा ओढायचं, मगच ते परत द्यायचं. “बसल्याशिवाय मशीन देवाचा नाय. हात खोटा बोलतो, अंग खोटा बोलत नाय.” बाकीच्या कारागिरांना सांगताना तुम्ही ‘अंग’ हा शब्द वापरत नव्हतात, दुसराच वापरायचात. माझ्यासमोर अंग म्हणायचात.

मला तेव्हाही बसायची लाज वाटायची. गाळ्यात पाच पुरुष, मी साडीत, गुडघे छातीशी आणायचे आणि पाय लांब पसरायचे. एकदा क्लबातून आलेलं मशीन मी नीट केलं, उभ्यानेच दांडा ओढून पाहिला आणि झालं म्हणून सांगितलं. तुम्ही विचारलंत, बसलीस काय? मी हो म्हटलं. तुम्ही खाली वाकलात आणि पायाच्या पट्ट्याला बोट लावलंत. पट्टा त्या क्लबातल्या कोणा मोठ्या पायाच्या माणसाच्या मापावर तसाच होता. माझं पाऊल त्यातून निसटलं असतं. सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, “चुकलीस तर मी शिकवीन. खोटा बोललीस तर काय शिकवू?” त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही. पुढच्या सोमवारी तुम्ही कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या टेबलावर ठेवलंत. काकूंनी शिवलेली निळी पँट आणि लांब शर्ट. सासूबाईंना ते आवडलं नाही, विधवा बाईने पँट घालायची हे त्यांना पटेना, म्हणून मी गाळ्यावर येऊन कपडे बदलायची. तुम्ही असेपर्यंत मी प्रत्येक मशीनवर बसले. हे मात्र खरं आहे.

आता व्याह्यांचं सांगते. ते खांदेश्वरला राहतात, नोकरीतून निवृत्त झालेत. हृदयाचं दुखणं झाल्यावर डॉक्टरांनी रोज थोडा व्यायाम सांगितला, म्हणून मुलाने हे मशीन घेऊन दिलं. ते रोज सकाळी बातम्या लावून वीस मिनिटं ओढायचे. साखरपुडा झाल्यावर आठवड्याने विहीणबाईंचा फोन आला की सीट खडखडतेय, तुमचंच काम आहे, येऊन जा. मी चांगली साडी नेसून गेले. व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा एकटी जात होते, निळ्या कपड्यांत कशी जाणार? सीटखालची चाकं झिजली होती, ती बदलली. चाकाच्या दांड्यावर जो नट बसतो त्याच्या आत प्लास्टिकची कडी असते. एकदा सोडवला की तिची पकड जाते, तो टाकून नवा लावायचा असतो. नवे नट पिशवीत नव्हते. जुनेच आवळून बसवले, परत येऊन बदलू म्हटलं. सीट हाताने मागेपुढे केली. छान सरकली. व्याही समोर सोफ्यावर बसले होते, कौतुकाने बघत होते. त्यांच्यासमोर त्या सीटवर बसून पाय पसरायचे हे मला शक्य झालं नाही. मी बसले असते तर दहाव्या-बाराव्या ओढीला खालून ‘टक’ आवाज आला असता, तो मला ओळखता येतो. मी हात धुतले आणि चहा घेतला.

चौथ्या दिवशी नट निघाला, सीट एका बाजूला कलंडली आणि ते फरशीवर पडले. मुलीने मला फोनवर सांगितलं. मी लगेच तिला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, “आई, आता काही बोलू नकोस. लग्न होऊ दे, मग सांग.” ती शहाणी मुलगी आहे, तिने काही वाईट सांगितलं नाही. मी आठ दिवस तिचं ऐकलं. एकदा भेटून आले तेव्हा ते प्लास्टर घालून बसले होते. म्हणाले, माझंच वजन जास्त, मशीनचा काय दोष. वर हसून म्हणाले, व्याहीभेटीचा नारळ आता एका हाताने घ्यावा लागणार. आमच्या बाजूने तो नारळ द्यायला माझा दीर उभा राहणार आहे, तेही त्या वेळी मनात येऊन गेलं. विहीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, आणि हे तर आता प्लास्टर निघालं तरी मशीनवर बसणार नाही म्हणतात. मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, “घरच्या माणसाकडून काम करून घेतलं की बोलताही येत नाही.”

ते बोलणं मी सहन केलं असतं. पण ते आता बसणार नाहीत, हे ऐकल्यावर मला चैन पडेना. ज्या माणसाला हृदयासाठी व्यायाम सांगितलाय तो स्वतःच्या वजनाला दोष देऊन बसून राहणार, आणि मी गप्प बसून लग्नाच्या पत्रिका वाटणार. पुढच्या रविवारी नवे नट आणि निळे कपडे पिशवीत घालून गेले. निघताना मुलीला सांगितलं. ती म्हणाली, तुझं तू बघ.

त्यांच्या हॉलमध्ये सीट उलटी करून मी त्यांना नट दाखवला. हा जुना आहे, हा लावायला नको होता, आणि लावल्यावर मी स्वतः बसून पाहिलं नाही, असं सरळ सांगितलं. व्याह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. विहीणबाईंनी विचारलं, का नाही पाहिलं?

“घाई होती,” मी म्हटलं.

“घाई कसली, ताई? दोनदा चहा घेतलात. साखरपुड्याचे फोटो बघत बसलात.”

मला एकदम तुमचं पट्ट्याला लावलेलं बोट आठवलं. मी म्हटलं, “व्याह्यांसमोर पाय पसरून बसायची लाज वाटली.”

लग्न मोडलं असंच मला त्या क्षणी वाटलं. मग विहीणबाई म्हणाल्या, “मग मला सांगायचंत ना. मी ह्यांना खाली दूध आणायला पाठवलं असतं.”

व्याही म्हणाले, “म्हणजे मी घरात असणं हीच अडचण.” विहीणबाईंनी त्यांना सांगितलं की ते आज कळलं का, गेली पस्तीस वर्षं आहे. त्या लगेच मऊ झाल्या असं नाही. लग्नाआधी सांगितलंत हे बरं केलंत, एवढंच म्हणाल्या, आणि ते कोणत्या अर्थाने ते मला अजून नीट कळलेलं नाही. मी आतल्या खोलीत जाऊन कपडे बदलले, नवे नट लावले, पट्टे माझ्या मापाचे केले आणि दोघांसमोर बसले. विहीणबाई मोठ्याने मोजत होत्या. शंभर झाले. व्याह्यांनी भंगारवाल्याला नको म्हणून कळवायला सांगितलं. प्लास्टर निघाल्यावर पहिल्या दिवशी मी तिथे हजर राहायचं ठरलं आहे. लग्नाची तारीख तीच आहे.

निघताना व्याह्यांनी सहज विचारलं, असं याआधी कधी झालं होतं का, ताई? मी म्हटलं, नाही, पहिल्यांदाच. विहीणबाईंनी या वेळी काही पकडलं नाही.

हे पत्र कुठे पोचवायचं नाही, म्हणून पुढचं लिहू शकते. ते पहिल्यांदा नव्हतं, काका. व्याह्यांचं नातं हे निमित्त झालं. तुम्ही गेल्यापासून, घरात पुरुषमाणूस असेल तर मी मशीनवर बसतच नाही. बायका एकट्या असल्या तर बसते, नाहीतर उभ्याने दांडा ओढते, सीट हाताने सरकवते आणि निघते. बारा वर्षांत कोणी पडलं नाही, म्हणून मला वाटत गेलं की चालतं. माझ्या छापलेल्या कार्डावर ‘स्वतः बसून तपासल्याशिवाय मशीन देत नाही’ असं आहे. ती ओळ वाचून लोक मला बोलावतात.

रविवारी घरी आल्यावर डायरी काढून मी या वर्षात न बसता निघाले त्या घरांची यादी केली. एकोणीस निघाली. सोमवारपासून एकेका घरी जाते, वर्षाची तपासणी आहे म्हणून सांगते, निळे कपडे घालते आणि बसते. नऊ घरं झाली. काल दहाव्या घरी गेले तर साहेब समोरच पेपर वाचत बसले होते. मी साखळी पुसली, तेल लावलं, आणि उठून आले.