अकरा गोळ्यांतली एक

केशोरी,
सोमवार, १८ ऑगस्ट

आदरणीय रंजिताताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे अतुलचा, मनापासून जयभीम. भाऊजींनाही सांग. आचलला एक पापा (ती आता आठवीत गेली, पापा चालत नसेल तर नुसता जयभीम). तुम्ही सगळे ठणठणीत असाल असं धरून चालतो, कारण ज्या घरातून दर महिन्याला ताकदीचं पार्सल निघतं त्या घरात कुणी आजारी पडणं बरं दिसणार नाही. इकडे बाबांची धानाची रोवणी आटोपली. आईचे गुडघे दुखतात, पण ती थांबत नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन आईजवळ असतो आणि ती स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाही, त्यामुळे आपल्या घरातली गोष्ट शेजारच्या अल्काकाकूंना आपल्याआधी कळते.

माझी तब्येत विचारशील तर मुळापासून सांगावं लागेल. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया सांगितलं आणि रोज सकाळची एक छोटी पांढरी गोळी लावून दिली. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तिने कानात बोलणारा आवाज बंद झाला, आणि त्याबरोबर माझंही बरंच काही बंद झालं. वजन चौदा किलो वाढलं, हात थरथरायला लागले, दुपारी तर मी जागा आहे की झोपलो आहे हे दुसऱ्याला विचारावं लागे. तरी दिवस निघत होते. मग एप्रिलमध्ये तू मोबाइलवर कुठंतरी वाचलंस की मेंदूला पोषण लागतं, आणि पहिलं पार्सल आलं.

ताई, तुझ्या प्रेमाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण माशाच्या तेलाच्या त्या कॅप्सूलची बाटली बाबांनी उलटीसुलटी करून पाहिली. आपल्या गावात तळ्या-बोडीतला मासा दाराशी येतो, आणि त्याचं तेल नागपूरहून बाटलीत यावं हे त्यांना पटेना. (माझ्या ढेकरांनाही पटलं नाही. दुपारपर्यंत माझ्याजवळ मांजरं बसत.) त्यात तुझी जीवनसत्त्वं, त्यात चॉकलेटची पावडर. हे पाहून अल्काकाकूंनी अश्वगंधा आणून दिली, त्यांच्या भाच्याला तिने नोकरी लागली म्हणे. आई आशा वर्कर, तिने आपल्याकडून लोहाची आणि कॅल्शियमची भर घातली. बघता बघता सकाळच्या गोळ्या अकरा झाल्या. त्या गिळेपर्यंत बाबा धानाच्या बांधीवर जाऊन, पाणी पाहून परत येत.

आईची पद्धत तुला माहीत नसेल. तिने पंधरा वर्षं क्षयाच्या पेशंटांना समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावल्या आहेत, तोच कायदा घरात लागू आहे. हातावर गोळ्या, वर तांब्याभर पाणी, मग "आ कर." जीभ वर, जीभ खाली, आणि वहीत बरोबरची खूण. तोंड रिकामं दिसलं की पेशंट बरा होणार, असा तिचा विश्वास आहे.

आता माझी चूक ऐक. जूनच्या सुरुवातीला अकरा गोळ्यांनी पोट असं भरायला लागलं की पोळी जाईना. दहापर्यंत जमत होतं. एक गाळायची होती. पण कोणती? मासा गाळावा तर तू व्हिडिओ कॉलवर विचारतेस. अश्वगंधा गाळावी तर काकू रोज हापशीवर माझा चेहरा तपासतात. लोह तर आईचंच. प्रत्येक गोळीची विचारपूस करणारं कुणी ना कुणी होतं, फक्त त्या पांढरीला नातेवाईक नव्हता. लहान, कडू, फुकटची, आणि ज्या डॉक्टरांनी दिली ते महिन्यातून एकदाच अर्जुनीच्या दवाखान्यात येतात. ती मी दोन बोटांच्या बेचक्यात धरून ठेवायला लागलो. आई तोंड तपासते, हात तपासत नाही.

आणि ताई, पहिले वीस दिवस काय सांगू! हात थांबले. झोप उडाली. सायकल काढून आपल्या इकडच्या प्रतापगडच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो, विहारात गाणी म्हटली, बाबांशी भांडलोसुद्धा (बाबांना इतका आनंद कधी झाला नव्हता). तेव्हा मी पुन्हा तो जुना अतुल झालो होतो. सगळ्यांनी श्रेय पावडरीला दिलं. जूनमध्ये डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही घेता का? आई ठामपणे म्हणाली, "काही नाही जी." बाहेर आल्यावर मी तिला आठवण करून दिली तर म्हणते, "ते औषध थोडी हाये? ते तं खानं हाये." डॉक्टर विचारत होते ते रागावण्यासाठी नव्हे, पण मीही उगाच घाबरून पुन्हा आत गेलो नाही.

जुलैत आवाज परत आला. तो हिंदीत बोलतो. (माझ्या स्वतःच्या डोक्यात मराठीला जागा नाही, हे दुःख वेगळं.) गोंदिया स्टेशनवरच्या सूचनेसारखा न थांबता बोलतो, फक्त गाडीच्या नंबराऐवजी माझ्या चुका सांगतो. मागच्या बुधवारी विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू होतं. सुकरामकाका वाचत होते. आवाज इतका वाढला की मी उभा राहून ओरडलो, "चुप रहो! बस करो!" सुकरामकाका एकोणीस वर्षांपासून वाचतात, त्यांना आजवर कुणी थांबवलं नव्हतं. ते थांबले. चष्मा काढून त्यांनी ग्रंथ मिटला. पहिल्या रांगेतून आई उठली, माझा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत मला घरी आणलं.

मग चुलीपुढे बसून रडली. "माह्या हातानं गोळ्या देल्ल्या, एक दिवस चुकली नाही, अन् तरी असं काऊन झालं?" वही उघडून खुणा दाखवत होती. माझ्यासाठी तिने केलेल्या त्या खुणा, आणि त्यांतली एकही खरी नाही. दोन महिन्यांपूर्वीच बोललो असतो तर! आता तिने निष्कर्ष काढला आहे: पांढरी गोळी निकामी, जो काही गुण आला तो पावडरीचा. पुढच्या गुरुवारी डॉक्टर आले की ती गोळी कायमची बंद करायला सांगणार, नाही ऐकलं तर आपणच बंद करणार. तू मात्र काळजी करू नकोस. मी परवापासून गोळी गुपचूप पुन्हा सुरू केली आहे आणि आता बरं वाटतं.

वडीलधाऱ्यांना जयभीम, लहानांना आशीर्वाद. चुकलंमाकलं पोटात घाल (माझ्या पोटात आता जागा नाही).

तुझा,
अतुल

ता.क. पावडरीचा डबा अर्धा शिल्लक आहे, पाठवू नकोस. बाबा ती चहात टाकून पितात, पण कबूल करत नाहीत.

आणखी एक ता.क. खरं काम हे आहे. पुढच्या गुरुवारी अर्जुनीला ये आणि आईसोबत आत बस. आपण काय काय चारतो ते सगळं कागदावर लिहून डॉक्टरांना दे, मासळीसकट. आणि पांढरी गोळी मी घेत नव्हतो हे तूच सांग. आईची वही पाहिली तर डॉक्टर न घेतलेल्या गोळीला नापास करतील. आईला सांगायला मी तीनदा तोंड उघडलं. तिला वाटलं गोळ्या तपासायच्या आहेत, तिने आत डोकावून पाहिलं.

शेवटचा ता.क. गोळी पुन्हा सुरू केली असं वर लिहिलं आहे, ते खोटं आहे. घेतली नाही. घेतली की आवाज जाईल आणि त्याच्यासोबत तो सायकलवाला अतुलही जाईल, याची भीती वाटते. आजही आईने वहीत खूण केली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हा गोळी माझ्या मुठीत होती. हे माझ्याने एकट्याने आता होत नाही, ताई. गुरुवारची वाट पाहू नकोस. पत्र मिळेल त्याच दिवशी निघ.