बाबांना उचलण्यासाठीचा आहार

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तू आणि वहिनी सुखरूप असाल आणि तुझी कंबरही बरी असेल. (कंबरेची चौकशी मनापासून करतो आहे. आपल्या घराचा बराचसा भार सध्या तिच्या दुखण्यावर टेकलेला आहे.) इकडे आम्ही ठीक. बाबांची तब्येत तर उत्तम आहे. ती इतकी उत्तम कशी झाली, तेच सांगायला बसलो आहे.

पाय गेल्यापासून बाबांनी "मला थोरल्याकडे जायचंय" असा धोशा लावला, तेव्हा तू फोनवर म्हणालास, "अरे, कधीही आण. जिन्याखाली आणलंस की पुढचं मी बघतो." फार मोठ्या मनाचं बोलणं होतं ते. फक्त मध्ये तीन मजले होते, लिफ्ट नव्हती, आणि बाबांना परक्या माणसांनी हात लावलेला चालत नाही. ("परक्यांच्या खांद्यावरून मी या घरातून एकदाच उतरणार, आणि तेव्हा मला काही कळणार नाही," असं ते म्हणतात.) तुझी कंबर अशी. म्हणजे उरलो मी. आणि मी पडलो घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. आयुष्यात सगळ्यात जड काय उचललं असेल तर दुकानाचं शटर, तेही मालक खालून हात लावतो तेव्हा.

यावर उपायही तूच सांगितलास. "शरीर कमव. नुसतं वजन वाढवू नकोस, स्नायू वाढव." म्हणून मी व्यायामशाळेत गेलो. तिथला ट्रेनर म्हणजे मान कुठे संपते आणि डोकं कुठे सुरू होतं ते कळू नये असा तरुण. त्याने माझा दंड बाजारातल्या भाजीसारखा दाबून पाहिला आणि परत ठेवला. "काका, एवढ्याशा खाण्यावर तुम्ही चालताबोलता हीच देवाची कृपा," म्हणाला. मग त्याने समजावलं की शरीर जेवढं खर्च करतं त्याहून थोडं जास्त खायचं. फार जास्त खाल्लं तर नुसती चरबी चढते, कमी खाल्लं तर कितीही वजनं उचला, अंगाला काही लागत नाही. प्रत्येक खाण्यात प्रथिनं हवीत. अंडी, डाळ, दही, दूध. मला पटलं, पण जड गेलं. लहानपणापासून मी समजत आलो की कमी खाणं ही एक प्रकारची प्रार्थनाच आहे. आता प्रत्येक अंड्याआधी मनात म्हणावं लागे, देवा, हा लोभ नाही, हे बाबांसाठी आहे.

गाडं अडलं ते आपल्या घरच्या रीतीपाशी. बाबांपुढे ठेवल्याशिवाय घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही, ही आईने लावलेली शिस्त. (तू वेगळा झालास तेव्हा बरंचसं सामान नेलंस, ही मात्र इथेच राहिली.) आजवर बाबा ताट पुढे आलं की "मला नको, तू खा" म्हणून सरकवत. या खेपेला त्यांनी सरकवलं नाही. अंडी खाल्ली, दही खाल्लं, वाटी पुसून घेतली आणि विचारलं, "आता परत कधी?" ट्रेनरने सांगितलं होतं, दर थोड्या वेळाने खा. म्हणजे दर थोड्या वेळाने बाबा. मी खायचो ते वाळूची पिशवी पाठीवर घेऊन जिना चढण्या-उतरण्यात जिरायचं. ते खायचे ते पलंगावरच राहायचं. ट्रेनर विचारायचा, "काका, वजन वाढतंय ना?" मी म्हणायचो, वाढतंय. कुणाचं, हे त्याने कधी विचारलं नाही आणि मला खोटं बोलावं लागलं नाही.

ही म्हणाली, "तुम्ही पावशेर वाढता, ते शेरभर. या शर्यतीत तुम्ही पोचणार कधी?" मग तिनेच सुचवलं की दुकानात गुपचूप खा. एक दिवस डबा नेला. काउंटरखाली वाकून अंडं खाल्लं, आणि संध्याकाळी देवापुढे बसलो तर मान वर होईना. पुन्हा नेला नाही. दुकानातही वेगळंच संकट. वजनं उचलून हात असे थरथरू लागले की चिमट्यातला स्क्रू उडून गिऱ्हाइकाच्या चहात पडला. मालक म्हणाला, "तुला घड्याळं दुरुस्त करायचीत की त्यांच्याशी कुस्ती खेळायचीय?" तेव्हापासून मनगटी घड्याळं दुसऱ्या कारागिराकडे गेली. माझ्याकडे भिंतीवरची उरली, ज्यांत सेल बदलण्यापलीकडे काही नसतं. ज्या हातांवर माझं पोट होतं ते हात असे गेले. तू तेव्हा फोनवर म्हणालास, "तुझं कॅलरीचं गणित कुठेतरी चुकतंय." गणित बरोबर होतं, दादा. त्यात माणूस एक कमी धरला होता.

तरी गेल्या रविवारी हिय्या केला. निघण्याआधी तुला फोन केला, तर तू म्हणालास, "खाली पोचलात की कळव, लगेच निघतो." (तुझं घर इथून दोन तासांवर आहे. तेवढा वेळ आम्ही फुटपाथवर काय करायचं होतं, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.) बाबांना पाठुंगळी घेतलं. उंबरठा ओलांडला, पहिल्या वळणापर्यंत उतरलो, आणि गुडघे दुमडले. आम्ही दोघं भिंतीला टेकून तिथेच बसलो. बराच वेळ बसलो. मग हिने वरून ओढलं, मी खालून लोटलं, आणि बाबा बसल्या बसल्या एकेक पायरी वर सरकत पुन्हा पलंगावर पोचले. तुला फोन आला नाही, यावरून तू समजला असशीलच. तूही केला नाहीस.

व्यायामशाळा सोडली आहे. वहिनींना नमस्कार. कळावे, लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा धाकटा

ता. क. त्या वळणावर बसलो असताना बाबा हसायला लागले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "मी मुद्दामच खात होतो रे. म्हटलं, जड झालो की तुला उचलायला जमणार नाही." मी म्हटलं, मग थोरल्याकडे जायचंय, जायचंय, असं का लावलं होतंत? तर म्हणाले, "तसं म्हटलं की तो न्यायला येईल, असं वाटलं."

ता. क. आणखी एक. तेव्हा जिन्याखाली गाडी लावून आमची वाट बघू नकोस. तू स्वतः ये. कठड्याला धरून, थांबत थांबत तीन मजले चढ, त्यांच्या पलंगावर बस आणि म्हण, "चला बाबा, माझ्याकडे." ते नाही म्हणतील. त्यांचा नकार तयार आहे. जेवण झालं की माझ्यावर त्याची तालीम करतात. एवढ्यावर उठू नकोस, पुन्हा एकदा आग्रह कर. दुसऱ्यांदा नाही म्हणायला त्यांना जास्त बरं वाटेल. आणि चुकून हो म्हणालेच, तरी भिऊ नकोस. मला ते उचलवत नाहीत.