आठ दिवसांचं पाणी

प्रिय मोनिका,

रोज फोनवर बोलणाऱ्या आईचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. माझी तब्येत चांगली आहे, गोळ्या वेळेवर घेते. पण फोनवर तू मध्येच "हो गं आई, कळलं" म्हणतेस आणि माझं वाक्य अर्धंच राहतं. आज जे सांगायचं आहे ते अर्धं राहून चालणार नाही. तुझी खोली आवरून झाली आहे. पलंग खिडकीपासून लांब सरकवला, पंखा पुसला, अळीव आणि डिंक आणून ठेवला. तू रविवारी येणार. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून उद्या सकाळी मी ते स्वतः पडेगावला तुमच्या दारातल्या पेटीत टाकून येईन. आत येणार नाही.

मोनू, मला तुझ्या सासूचा, आशाबाईंचा हेवा वाटतो. एकदा लिहून टाकलं, बरं वाटलं. तुझं लग्न ठरलं तेव्हा मी मनात त्यांना नापास करून टाकलं होतं. पिशोरच्या खेड्यातून आलेली, सही करताना जीभ बाहेर काढणारी बाई. सार्थक चांगला मुलगा, पण त्याच्या आईशी माझ्या मुलीचं काय जमणार? तू त्यांना आई म्हणणार नाहीस, सार्थकसारखंच 'बाई' म्हणशील, हे कळल्यावर मला केवढं हायसं वाटलं होतं! मग एकदा तुमच्याकडे आले असताना तू मागच्या दारातून "बाईऽ, ओ बाई, हे बघा ना" अशी हाक मारलीस. तसला आवाज मी तुझ्या तोंडून तू आठ वर्षांची असल्यापासून ऐकला नव्हता.

तुमच्या घरामागची ती जागा मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा नाकाला पदर लावला होता. कमरेएवढं गाजरगवत, घाणेरीची जाळी, वेड्या बाभळी, आणि आधीच्या मालकानं टाकलेल्या फुटक्या फरशा. मी सार्थकला म्हणाले होते, जेसीबी लावून सपाट कर आणि फरशी घाल. नंतर मागच्या वर्षी मार्चमध्ये तिसऱ्या महिन्यात तुझं पोटातलं गेलं. मी धावत आले, दोन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी दहावीचा गणिताचा पेपर होता आणि माझ्याकडे केंद्र होतं. निघताना तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वय आहे तुझं, पुन्हा होईल, इतकं मनाला लावून घेऊ नकोस." तू भिंतीकडे तोंड केलंस. ते वाक्य मी कुठल्या तोंडानं बोलले, हे मला अजून कळत नाही. तुझे बाबा गेल्यावर मी स्वतःला जे सांगून उभी राहिले, तेच तुला दिलं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

आणि आशाबाईंनी काय केलं? त्या काही बोलल्याच नाहीत, असं सार्थकनं सांगितलं. तू वीस दिवस अंथरुणातून उठत नव्हतीस. एके दिवशी त्यांनी तुझ्या हातात विळा दिला आणि म्हणाल्या, "चल, माझ्यानं एकटीनं व्हत नाय." बस. मग तुम्ही दोघी रोज सकाळी हातभर जागा साफ करायच्या. वाळूजच्या कंपनीतून आल्यावर तू संध्याकाळी पुन्हा मागं. मी फोन केला की सार्थक म्हणायचा, आई, ती मागं आहे. तीस वर्षं शाळा सांभाळली मी, पण 'मागं आहे' या दोन शब्दांनी मला जेवढं छळलं तेवढं कुणी छळलं नसेल.

दिवाळीला आले तर ओळख पटेना. बाभळीच्या वाळक्या फांद्यांवर घोसाळ्याचा वेल, वाटेच्या दोन्ही कडांना पुदिना आणि चुका, मोरीच्या सांडपाण्यावर अळू, कुंपणाला वाल, कोपऱ्यात शेवगा, पपई, त्यांच्या सावलीत हळद. पाऊल ठेवावं तिथं खायचं काही ना काही. तू मला हात धरून फिरवलंस. "आई, बघ, एवढंसं फूल सुद्धा शोभेचं नाही, सगळं पोटात जाणारं." जेवायला तांदुळज्याची भाजी होती. माझ्या घरी तू त्याच भाजीचं ताट सरकवायचीस. तिथं दोनदा मागून घेतलीस. मी म्हणाले, मीठ जरा जास्तच झालंय. झालं नव्हतं.

आता मे महिन्याचं सांगते. पिशोरला आशाबाईंच्या पुतण्याचं लग्न, मग देवदर्शन, पूजा. तुम्ही सगळे आठ दिवस जाणार होतात. तुझा पाचवा महिना लागला होता. आशाबाईंनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "ईनबाई, हौद भरून ठेवलाय. सांच्याला पाईप सोडा, पोरीचा जीव हाय त्याच्यात." पोरीचा जीव! तो कशात आहे हे मला त्या सांगणार होत्या.

पहिल्या दिवशी मी रिक्षानं गेले. पाईप गुंडाळून ठेवला होता. मी पायरीवर बसले आणि बसूनच राहिले. मनात म्हटलं, आज नको, उद्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पानं लोंबायला लागली होती आणि मला, तुझ्या आईला, ते बघून बरं वाटलं. तुमच्या शेजारणीनं, राहतनं, भिंतीवरून विचारलं, "ताई, मी लावू का पाईप? आमचा बोअर चालू हाय." मी म्हणाले, "नको, आत्ताच घातलंय." तिनं पानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. चौथ्या दिवसापासून मी गेलेच नाही. ऊन किती होतं ते तुला माहीत आहे.

तुम्ही परत आलात त्या दिवशी मी किल्ली द्यायला हजर होते. पालेभाजीचे वाफे पार करपले होते, वेल कागदासारखे वाजत होते. तू सगळं ओलांडून तडक कुंपणाजवळच्या एका अंजिराच्या रोपाशी गेलीस. काडी हातात आली. तू खाली बसून रडायला लागलीस. मी म्हणाले, "रोज घालत होते गं, पण ऊनच तसलं होतं." तेवढ्यात आशाबाईंनी हौदाचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ होतं. त्यांनी कोपरापर्यंत हात बुडवला, बाहेर काढला, माझ्याकडे पाहिलं आणि झाकण परत लावलं. मग तुझ्याजवळ जाऊन म्हणाल्या, "यंदा ऊन लई झालं. तुझ्या आईनं तरी काय करावं?" त्यांनी मला तुझ्यासमोर उघडं पाडलं असतं तर मी भांडले असते. पण त्यांनी मला वाचवलं, आणि त्याचाही मला राग आला.

तुझ्या डोहाळजेवणाला मी येऊ नये असंच वाटत होतं. आले. बायका तुला ओवाळत होत्या तेव्हा आशाबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाल्या, "पोरीला बाळंतपणाला तुमच्याकडंच न्या. ती नको म्हनत व्हती. मी समजावलंय तिला, पहिलं आईकडंच करायचं." मी दार लोटलं. विचारलं, "तुम्हाला माहीत आहे ना, मी पाणी घातलं नाही ते?"

"व्हय."

"मग?"

त्यांनी पोळपाट पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "ते अंजीर तिनं दौलताबादवरून आनलं व्हतं. ते लेकरू गेलं त्याला वरीस झालं ना, त्या दिवशी लावलं. तुम्हाला ठाव नसंल." मला ठाऊक नव्हतं. "लई राग आला व्हता मला," त्या म्हणाल्या, "पर खरं सांगू का? लेकरू गेल्यावर पोरगी तापानं फणफणली व्हती तवा मी उशाशी बसले व्हते. रात रात पट्ट्या बदलल्या. आन् ती हाक मारत व्हती तुम्हाला. आई गं, आई गं. मी म्हनलं हाय ना मी, तर हात झटकला तिनं. तवा माझं बी तुमच्यावानीच झालं व्हतं. मी काय मोठी देवी नाय."

मोनू, तू तापात मला हाक मारलीस हे तू मला कधी सांगितलं नाहीस. आणि त्या बाईनं, जिला ते लपवून ठेवता आलं असतं, तिनं माझ्या हातात ठेवलं. तेही मी अशी वागल्यावर.

आता पत्र का लिहिलं ते. तू रविवारी इथं येणार ती त्यांच्या सांगण्यावरून, आणि तुझ्या रोपाला मी रोज पाणी घातलं असं समजून. अशा फसवणुकीवर मला तुझं बाळंतपण करायचं नाही. तुझं रोप मी मारलं. ते कुणासाठी होतं हे माहीत असतं तर मारलं नसतं, असं लिहिणार होते, पण त्या आठ दिवसांत मी माझी उरले नव्हते, म्हणून ते शपथेवर सांगवत नाही. हेवा अजून गेलेला नाही. बहुतेक जाणारही नाही. हे वाचून तुला पडेगावलाच राहावंसं वाटलं तर राहा, बाळंतपण बाईंच्या हातून होऊ दे. मला बोलवलंस तर मी तिथं येईन, त्या सांगतील ते काम करीन. आणि इथं आलीस, तर त्यांनाही घेऊन ये. दोन पलंग मावतील एवढी खोली आहे, मी आज मोजली.

शेवटपर्यंत तुझीच,
आई