ओलं गोणपाट

पाचगणी,
२५ ऑगस्ट २०२४

ती. स्व. नाना यांस,
संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तुम्ही तीनदा हॅलो म्हणता आणि काकीच्या हातात देता. काकी म्हणते, त्यास्नी काय बी ऐकू येत न्हाई, उगं मान हलवत्यात. म्हणून यापुढे पत्रच. पत्रापुढे नुसती मान हलवून भागायचं नाही, उत्तर लिहावं लागेल.

इथे जूनपासून सूर्य दिसलेला नाही. धुकं खिडकीतून सरळ स्टुडिओत येतं आणि विचारल्याशिवाय मुक्काम करतं. बारा दिवसांपूर्वी केलेले कप अजून बोटाला ओले लागतात. पावसाळ्यात तुम्ही चाक कोपऱ्यात सरकवून बेंदराचे बैल आणि पंचमीचे नाग हातानेच का करायचात, ते मला इथे आल्यावर कळलं. तुम्ही पावसाशी भांडत नव्हता. मी मात्र हॉटेलच्या ऑर्डरीपायी बल्ब लावून कप वाळवते आणि विजेचं बिल बघून रडते.

परवा एका पाहुण्या बाईंनी विचारलं, तुम्ही हे काम कुठे शिकलात. मी बडोद्याच्या कॉलेजचं नाव सांगितलं आणि त्या गेल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. खरं म्हणजे मी शिकले कुंडलला, आपल्या छपरामागे, पत्र्याच्या आडोशाला. आपल्या घरात बायकांनी माती मळायची, भांडं घोटायचं, पण चाकावर बसायचं नाही. तुम्ही मला नवव्या वर्षी बसवलंत. माझं पहिलं वाकडं गाडगं आजोबांच्या हाती लागलं तेव्हा तुम्ही खाली मान घालून म्हणालात, माझंच हाय, हात घसरला. त्यावर तुम्हाला बोलणीही बसली. बावीस वर्षं झाली, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. आज मानते. हसू नका.

काकीला नमस्कार. माझ्यावरची माया वाढवता आली नाही तरी आहे त्यातली कमी करू नये, ही विनंती.

तुमची,
संयू

---

कुंडल,
२० जानेवारी २०२५

चि. संयोगिता हिस,
जोतीराम नानाचे अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हातानं लिहितोय. दिवाळीच्या पणत्यांची भट्टी उकलताना राखेवरून पाय घसरला आणि उजव्या मनगटावर पडलो. प्लास्टर निघालं, पण मूठ मिटत नाही. तुला कळवू नको असं मीच तुझ्या काकीला, अंबूला बजावलं होतं, तेव्हा तिला बोलू नकोस. डॉक्टर म्हणतात, जेवाखायला हात चालेल. माती ओढायला चालेल का, असं विचारलं तर ते माझ्या वयाकडे बघायला लागले.

संक्रांतीची सुगडं बाजारातून आणून घरोघरी पोचवली. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता पाडव्याला स्टँडवरची पाणपोई. तिथला माठ माझ्या आजोबांपासून आपल्या घरचाच असतो. मी स्वतः बावन्न वर्षं ठेवलाय. यंदा प्लास्टिकचे जार ठेवूया म्हणतात. पाणपोईचं बघणारा चहावाला बिराप्पा म्हणाला, नाना, तुमी आता इश्रांती घ्या. इश्रांती घेऊन दिवसभर करायचं काय, ते त्यानं सांगितलं नाही.

चाकावर गोणपाट टाकून ठेवलंय. पाडव्याला स्टँडवर आपल्या घरचा माठ नसला, तर ते गोणपाट पुन्हा काढायचं नाही, चाक मोडीत द्यायचं, असं मी मनाशी ठरवलंय. तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. तुझा कारखाना नीट चालव, हाताला जप.

डाव्या हाताला एवढंच झेपलं. आशीर्वाद मात्र दोन्ही हातांचा समज.

जोतीराम नाना

---

पाचगणी,
१८ मार्च २०२५

ती. स्व. नाना यांस,
शि. सा. न. वि. वि.

शिवरात्रीला येऊन तुमच्यावर जेवढं रागवायचं तेवढं रागावून झालं, आता पुन्हा रागवत नाही. पण चाक मोडीत द्यायची भाषा मी ऐकून घेणार नाही.

मी दोन माठ केलेत. इथल्या सिद्धूचा टेम्पो स्ट्रॉबेरी घेऊन पलूसकडे उतरतो, त्यात गवत घालून पाठवते. पाडव्याच्या आधी पोचतील. मी त्याच घरची, तेव्हा माठही घरचाच झाला. बिराप्पांना सांगा, जार परत करा म्हणावं.

माठ माझ्या पांढऱ्या मातीचे आहेत, विजेच्या भट्टीत बाराशे अंशांवर भाजलेत. झिलई दिलेली नाही, म्हणजे पाणपोईला चालतील. बोटाच्या पेराने वाजवून बघा, देवळातल्या घंटेसारखे वाजतात. तुम्ही वाजवाल तेव्हा मी तिथे नसेन याचंच वाईट वाटतं.

इथे थंडी ओसरली. ऊन असं स्वच्छ पडतं की सकाळी केलेलं भांडं दुपारी उचलता येतं. वर्षातले हेच दोन महिने माती माझं ऐकते.

हाताला तेल लावत जा. काकीने लावलं तर ओरडू नका. तुमच्या आशीर्वादाचा वाटा मला मिळत राहो.

तुमची,
संयू

---

कुंडल,
५ एप्रिल २०२५

चि. संयोगिता हिस,
अनेक आशीर्वाद.

माठ सुखरूप पोचले. सिद्धूनं तान्ह्या पोरासारखे उतरवले. पाडव्याला स्टँडवर मांडले, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. वाजवून बघितले. असा आवाज माझ्या माठाला कधी आला नाही. घडण तर अशी की कुठं बोट ठेवायला जागा नाही. एसटीतून उतरलेली माणसं उभी राहून बघतात. एकानं फोटो काढला.

ऊन फार आहे. कृष्णेकाठचा ऊस सुद्धा दुपारी माना टाकतो. मी सकाळ-संध्याकाळ स्टँडवर फेरी मारतो, तेवढाच पाय मोकळा होतो.

तू इतक्या कामातून आठवण ठेवलीस. चाक आहे तिथंच आहे. काळजी करू नकोस. म्हाताऱ्याची खुशाली विचारत जा, तेवढ्यावर आमचं पोट भरतं.

जोतीराम नाना

---

कुंडल,
११ एप्रिल २०२५

चि. संयूस,
काकीचा आशीर्वाद.

चौथीनंतर हे माझं तिसरं पत्र, तेव्हा चुका मोजू नकोस. नानांना हे पत्र ठाऊक नाही आणि तूही सांगू नकोस.

पोरी, तुझ्या माठात पाणी गार होत नाही. पाझरतच नाही तर होणार कसं? पाडव्यादिवशी एका पाहुण्यानं पहिला घोट घेतला आणि बाजूला थुंकला. बिराप्पा जार आणायला उठला. ह्यांनी त्याला हात धरून बसवलं, म्हणाले, नवा माठ हाय, चार रोज दम धर, मुरंल. मग घरी आले, चाकावरचं गोणपाट काढलं, हौदात भिजवलं आणि माठांना गुंडाळलं. तवापास्नं दर तासाला जातात आणि डाव्या हातानं तांब्या-तांब्या पाणी ओतून ते ओलं करतात. दुपारी बारालाही जातात. तेवढ्यानं पाणी जरा निवतं. लोकांनी विचारलं तर सांगतात, पोरीनं सांगितलंय, उन्हानं रंग उडू ने म्हणून बांधा. घरी आले की डोकं धरून बसतात आणि मला म्हणतात, संयूला कळता कामा न्हाई, तिचा हात बिचकंल.

मी चाळीस वर्षं ह्यांच्याशी भांडत आलेय, पण यावर मला भांडता येईना. म्हणून तुला लिहिलं. उन्हात एखाद्या दिवशी पडतील, बाई. तुझ्या माठाला मी नावं ठेवत नाही. माझ्या मनात तुझी जागा आहे ती आहेच.

तुझी,
काकी

---

पाचगणी,
१५ एप्रिल २०२५

ती. स्व. नाना यांस,
शि. सा. न. वि. वि.

एक चूक माझ्या ध्यानात आली. कुणी सांगितली नाही, आपोआप आली.

एवढं बाराशे अंशांवर भाजल्यावर माठाची छिद्रं मिटतात, मग तो पाझरत नाही आणि पाणी गार होत नाही. हे मला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं. तरीही झिलई नाही म्हणजे चालेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण सांगते. लहानपणी तुम्ही भट्टीतून निघालेला माठ पेराने वाजवायचात आणि आवाज पटला की मान हलवायचात. मला ती मान हवी होती. मी वाजण्यासाठी माठ केला, पाण्यासाठी केलाच नाही. मला फार लाज वाटते, नाना, आणि तुमचा इतका आधार वाटतो की तो लिहून दाखवता येत नाही.

आता काम सांगते. तुम्ही म्हणायचात, मातीत घोड्याची लीद मिसळली की ती भट्टीत जळते आणि माठ पाझरतो, पण हल्ली गावात घोडी कुठली. इथे टेबललँडवर पर्यटकांना फिरवणारी घोडी पुष्कळ आहेत. घोडेवाल्या ज्योतिबाला मागितली तर म्हणाला, ताई, माझ्या घोड्यांच्या ह्या मालाला पहिल्यांदाच कुणीतरी इचारलं. चार पोती वाळवून ठेवलीत. स्टुडिओला कुलूप लावून अठरा तारखेला सिद्धूच्या टेम्पोने येते. अक्षय्यतृतीयेपर्यंत राहीन. कप थांबतील, हॉटेलवाल्यांना सांगितलंय.

तुमच्या चाकावर, तुमच्या मातीत, तुम्ही सांगाल तसा माठ करायचा आहे. चाक पत्र्याच्या आडोशाला ठेवायचं की पुढे, ते तुम्ही ठरवा. दुपारचं उन्हात जाऊ नका, हेही मला आपोआपच सुचलं.

तुमची लाडकी असेनच अजून, या भरवशावर,
संयू

---

कुंडल,
३ मे २०२५

चि. संयोगिता हिस,
जोतीराम नानाचे अनेक आशीर्वाद.

तृतीयेला माठ मांडून तू दुपारच्या एसटीनं गेलीस, पुढचं तुला बघायला मिळालं नाही. म्हणून लगेच लिहितोय. माठ भरून सावलीत ठेवला. संध्याकाळी बघतो तर अंगभर ओल, बुडाशी वाळू भिजलेली. माठाला घाम फुटला! दुसऱ्या दिवशी सकाळी बिराप्पानं पहिला पेला प्यायला आणि लगेच दुसरा भरून घेतला. त्याचा तो दुसरा पेला मला सगळ्यात आवडला.

अंबू अजून सगळ्या आळीला सांगते, आमच्या दाराम्होरं चाक मांडलं आन पोरगी बसली. तुझे पहिले दोन माठ चाकावरच खचले तेव्हा रस्त्यावरची माणसं हसली, तुला राग आला, मला दिसला. पण तू उठली नाहीस. मी डाव्या हातानं दांडकं घालून चाक फिरवत होतो आणि तिसरी माती तुझ्या हातात उभी राहिली, तेव्हा माझ्या उजव्या हाताची कळ मी विसरलो. अंबूनं लाकडी थापीनं चोपून त्याला पोट आणलं. तिघांचे मिळून पाच हात चांगले निघाले, तेवढे पुरले.

तुझे खणखणीत माठ वाया गेलेले नाहीत. एकात अंबूनं कैरीचं लोणचं घातलंय, दुसऱ्यात मीठ. मुंगीला शिरायला जागा नाही म्हणून ती खूश आहे. त्यांचं काम ते होतं, आपण त्यांना पाणपोईवर उगीच उभं केलं.

कालपरवा एक वळीव पडून गेला. आता मृगापर्यंत माठ, मग बेंदराचे बैल. बैलाची शिंगं डाव्या हातानं करून बघतोय, म्हशीसारखी होतात. जुलैत ये.

लहानपणी तुझं गाडगं मी माझं म्हणून सांगितलं होतं. काल स्टँडवर एका म्हाताऱ्यानं पाणी पिऊन विचारलं, नाना, माठ तुमच्या हातचा न्हवं? मी म्हणालो, न्हाई, आमच्या पोरीच्या हातचा हाय. हे मोठ्यानं म्हणालो. तुझे उपकार कसे मानायचे ते मला कळत नाही, म्हणून एवढं कळवलं.

बाकी घरातली पोस्टाची पाकिटं मीच मोजून ठेवतो, एप्रिलात एक कमी भरलं. तेव्हा चुका तुझ्या ध्यानात आपोआप कशा येतात ते मला ठाऊक आहे. अंबूला मी काही बोललेलो नाही.

एक विचारायचं राहिलं. ते गोणपाट सापडत नाही. अंबू म्हणते, पोरीनं घडी घालून पिशवीत घातल्यालं मी बघितलं. नेलं असशील तर राहू दे. माठाला आता ते लागत नाही, आणि चाकावरही टाकायचं नाही.

तुझ्यावर जीव असलेला,
जोतीराम नाना